गाडी का बंडी? जुन्या गाडीतली कुरकुर अन् खडखड

दारव्हा_फाटा

राम राम मंडळी.

माझी 2009 ची पेट्रोल हॅचबॅक आहे. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की धागा गाडीचा राहत नाही, कंपन्यांच्या कुस्तीचा होतो. एक लाख अडतीस हजार किलोमीटर झालेत. इंजिन ठणठणीत, एसी मे महिन्यातही गार मारतो, विकायचा विचार नाही. अडचण एकच. गाडी बोलते, अन् बोलायची थांबत नाही.

समोर डाव्या अंगाला खालून खट-खट येते, तीही बारीक खड्ड्यांवर, वीस-पंचवीसच्या वेगात. मोठ्या गतिरोधकावर दोन्ही चाकं सोबत चढली तर मात्र येत नाही. सकाळच्या थंडीत डॅशबोर्ड कुरकुरतो, दुपारी उन्हात गप्प. मागे कुठेतरी टक-टक. आणि सकाळी गाडी चालू करून उभी ठेवली की पोटाखालून झर्रर्र, ताटात कोणी चिल्लर हलवावी तसा.

जिल्ह्याच्या गावी एका गॅरेजात दाखवली. गाडी दोनदा दाबून पाहिली अन् "समोरचे दोन्ही शॉकअप गेले" म्हणाले. बदलले. सोयाबीनचे आलेले नऊ हजार गेले, खट-खट शिल्लक आहे.

आईला महिन्यातून एकदा यवतमाळला डॉक्टरकडे न्यावं लागतं. मागच्या खेपेला लाडखेडच्या पुढे म्हणाली, "बाबू, तुह्या आज्याच्या बैलबंडीले आम्ही वंगण तरी देत होतो. इले काही देत नाई का?"

काय देऊ, ते सांगा.

मिस्त्री_आर्णी

भाऊ, शॉकअप बदलले तवा जुने काढून हातानं दाबून पायले होते का? तेल गळत होतं का? नाई नं? मंग बदलले कायले? असो, गेलेले पैसे आता वापस येत नाई.

तुमच्याच लिवण्यात उत्तर हाय. दोन्ही चाकं संगं चढली त आवाज नाई, एकच चाक खड्ड्यात गेलं त आवाज. समोरच्या दोन चाकांच्या मधात एक आडवा दांडा असते, स्टॅबिलायझर बार. एक चाक वर अन् दुसरं खाली झालं तवाच थो दांडा पिळते. दोन्ही संगं वर गेली त नुसता फिरते, पिळत नाई. त्या दांड्याच्या दोन टोकाले दोन लिंक रॉड, त्याईच्या गोट्या झिजल्या की अशीच खट-खट. नाईतर दांडा जठी बॉडीले बांधला तठचं रबर, त्याले आम्ही डी-बुश म्हणतो.

परीक्षा फुकटची हाय. दोन्ही लिंक रॉड खोलून बाजूले ठेवा अन् गल्लीत वीसच्या वेगानं चक्कर मारा. आवाज गेला त चोर सापडला. पण तशी गाडी हायवेले नेऊ नका, वळणात लय झुकते.

संत्रा_बर्फी

एवढं कशाला? डब्ल्यूडी-40 चा डबा घ्या आणि जिथे जिथे आवाज येतो तिथे मारा. आमच्या नागपूरच्या घरात दाराच्या बिजागरीपासून सायकलीपर्यंत तोच चालतो.

पुण्यातला_पुसदकर

बर्फीभाऊ, त्या नावातला डब्ल्यूडी म्हणजे वॉटर डिस्प्लेसमेंट, पाणी हटवणं. 1953 साली अमेरिकेत चाळिसाव्या प्रयत्नाला सूत्र जमलं म्हणून 40. गंजलेला नट सोडवायला, ओल काढायला झकास. पण रबरावर किंवा प्लास्टिकवर मारलं की दोन दिवस शांतता, मग तिथलं आधीचं ग्रीसही धुऊन गेलेलं असतं आणि वर आपली धूळ बसते. तिसऱ्या दिवशी आवाज दुप्पट. मी हे केलेलं आहे, म्हणून सांगतो.

जीपवाले_काका

पोरा, मायी जीप 1994 ची. पाट्यांची कमान, लीफ स्प्रिंग म्हणते ते. दर पावसाळ्याच्या आधी जळकं ऑइल अन् डिझेल मिसळून खालून पंपानं फवारतो, कपाशीवर फवारतो तसं. तीस वर्स झाले, गंज नाई, कुरकुर नाई. तुम्ही लोकं लय शिकलेले, म्हणून गाड्या वाजते तुमच्या.

मिस्त्री_आर्णी

काका, तुमच्या जीपची गोष्ट अलग हाय. लोखंडाचा पाटा लोखंडाच्या पाट्यावर घासते, तठी वंगण पायजेच. ग्रॅफाइटचं ग्रीस भरलं त आणखी बेस. पण ह्या भाऊच्या गाडीखाली समदा रबराचा कारभार. ऑइल-डिझेल रबराले लागलं की रबर फुगते, पोचट होते अन् मंग फाटते. म्या असे बुश काढले हायेत, बोटानं दाबले त गुळाच्या भेलीसारखे खचते. अन् एक फवारा ब्रेकच्या डिस्कवर गेला त कुरकुर राहीन बाजूले, गाडीच थांबणार नाई.

एक विचारू? तुमच्या कमानीच्या शॅकलमधले, म्हंजे कमान जठी गाडीले टांगली तठचे, रबर कितीक दिवस टिकते?

जीपवाले_काका

दर दोन वर्साले बदलावे लागते. आजवर मले वाटे हा रस्त्याचा दोष हाय.

पुण्यातला_पुसदकर

काका, रस्त्याचाही आहेच. आपली काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्या फुगण्या-आक्रसण्यावर बसलेलं डांबर लाटालाटांचं होतं. पुण्यात मी ज्या गाडीला शांत म्हणतो तीच दिवाळीत पुसदला आणली की बोलायला लागते.

दारव्हा_फाटा, डॅशबोर्डाबद्दल सांगतो. आधी एक फरक लक्षात घ्या. कुरकुर घासण्याची असते, खडखड आपटण्याची. कुरकुरीत दोन तुकडे एकमेकांना चिकटतात, ताण आला की सटकतात, पुन्हा चिकटतात, आणि हे सेकंदाला शेकडो वेळा होतं. सारंगीच्या तारेवर गज असाच बोलतो. खडखडीत काहीतरी सैल असतं आणि सरळ आपटतं. म्हणून खडखडीला आवळायचं असतं आणि कुरकुरीला मधे काहीतरी मऊ घालायचं असतं. कुरकुरणारा स्क्रू जोरात आवळला तर प्लास्टिक आणखी घट्ट घासतं आणि एखादे दिवशी स्क्रू बसतो ते प्लास्टिकच तडकतं.

सकाळी वाजतो आणि दुपारी गप्प, याचा अर्थ थंडीत प्लास्टिक आकसतं आणि फट पडते; उन्हात फुगून ती बुजते. काहींचं नेमकं उलटं असतं, दुपारी वाजतात. तुमचा सकाळचा आहे तर शोधकामही सकाळीच करा. दुपारी बारा वाजता डॅशबोर्ड उघडून बसाल तर तो तुमच्यासमोर साधुसंतासारखा गप्प बसेल.

शाळामास्तरीण

मी दिग्रसकडची. रोज खेड्यातल्या शाळेत गाडी नेते, त्यामुळे या विषयात नाइलाजाने पदवी घेतली आहे.

कानावर भरवसा ठेवू नका. बंद गाडीत आवाज काचेवर, छतावर आपटून येतो. डावीकडचा उजवीकडून वाटतो, खालचा समोरून. मी काय करते ते सांगते. फोनचं रेकॉर्डिंग चालू करून फोन रुमालात गुंडाळून आधी डिक्कीत ठेवते, दुसऱ्या चकरेला मागच्या सीटखाली, तिसऱ्या चकरेला समोरच्या पायदानात. रस्ता तोच, वेग तोच. घरी येऊन तिन्ही ऐकायचे. जिथे आवाज सगळ्यात कोरडा आणि ठसठशीत, तिथे शोधायचं.

खालून येणाऱ्या आवाजांना दुसरी युक्ती. आमच्या वाटेवर एका जिनिंगची लांबलचक भिंत आहे. काचा खाली करून, एसी-रेडिओ बंद ठेवून त्या भिंतीला समांतर हळू गाडी न्यायची. चाकाचा, ब्रेकचा, सायलेन्सरचा आवाज भिंतीवर आपटून परत कानात येतो. येताना दुसरी बाजू. फक्त कापसाचे ट्रॅक्टर उभे असताना हा प्रयोग करू नये, मागचे लोक हॉर्न वाजवून तुमचा सगळा अभ्यास बुडवतात.

आणि एक अनुभव. मागच्या माघात माझ्या गाडीत ब्लोअर दोनवर केला की कट-कट-कट, तीनवर कटकटकट, वळणावर एकदम सळसळ. दाखवली तर "मोटर गेली" म्हणाले. मोटर गेली तर हवा कशी येते? घरी येऊन ग्लोव्ह बॉक्स काढला. ब्लोअरची मोटर खालून तीन स्क्रूंवर असते. तिसरा स्क्रू सुटला आणि मोटरीसोबत मांडीवर पसाभर तुरी पडल्या. सोबत सात-आठ सरक्या, त्यांना कापूस लोंबत होता, आणि फिल्टरच्या एका कोपऱ्याचा केलेला बिछाना. अंगणात तुरीचं कुटार पडलं होतं आणि गाडी त्याच्या शेजारी उभी असायची. उंदीरमामांनी पावसाळ्याची सोय करून ठेवली होती.

संत्रा_बर्फी

मॅडम, तुरीचं वरण केलं की नाही? 😀

शाळामास्तरीण

कोंबड्यांना टाकल्या. त्यांनीही आधी एक डोळा लावून पाहिलं.

वायफडचा_विंचू

धाग्याशी संबंध नाही, पण कोणी सांगेल का तुरीला सध्या काय भाव चालू आहे?

शाळामास्तरीण

वेगळा धागा काढा हो भाऊ. इथे आधीच खडखड कमी नाही.

दारव्हा_फाटा

सगळ्यांचे आभार. रविवारी चुलतभावाला घेऊन बसलो. एकट्याने होत नाही हे पहिल्या तासातच कळलं. त्याने चालवायची अन् मी ठिकठिकाणी तळहात दाबत बसायचं.

झर्रर्र सगळ्यात आधी सापडला. इंजिन चालू, गाडी उभी, हलका रेस दिला की एका ठरावीक ठिकाणी वाढतो अन् पुढे जातो. म्हणजे चाकांशी संबंध नाही. इंजिन बंद करून तासभर थंड होऊ दिलं, मग सायलेन्सरच्या पाइपावरचं पत्र्याचं झाकण, उष्णता अडवायला असतं ते, बोटाने टिचकी मारून पाहिलं. तोच आवाज! बोल्टाभोवतीचा पत्रा गंजून भोक मोठं झालंय, बोल्ट जागेवर, पत्रा मोकळा. चुलतभाऊ म्हणाला, काढूनच टाकू. काढू का?

मिस्त्री_आर्णी

काढू नका. त्याच्या वर बॉडीचा तळ हाय, कुठी वायर, कुठी पेट्रोलची नळी. अन् तुम्ही वावरात गाडी नेता, खाली वाळलेलं गवत असते, पऱ्हाटीच्या काड्या असते. गरम पाइपाले काडी लागली त गाडीची होळी. हार्डवेअरमधून मोठी स्टीलची होज क्लिप आणा, पाण्याच्या पाइपाले लावते तसली. एक पुरली नाई त दोन एकमेकात अडकवा. पाइप अन् पत्रा मिळून बांधून टाका. लोखंडी तार नका बांधू, एका पावसाळ्यात गंजून तुटते.

दारव्हा_फाटा

बांधली. ऐंशी रुपयात झर्रर्र बंद. नऊ हजारांचा विचार करत नाही.

डॅशबोर्डचं पुसदकरभाऊंनी सांगितलं तसं सकाळी साडेसहाला सुरू केलं. कानटोपी घालून दोघं गाडीत. शोधायला लग्नपत्रिका वापरल्या. ग्लोव्ह बॉक्समध्ये मागच्या उन्हाळ्यापासूनच्या अकरा पत्रिका निघाल्या, त्यातल्या दोन स्वतःच खडखडत होत्या. जाड पत्रिकेचा तुकडा दुमडून एकेका फटीत खोचायचा अन् त्याच खराब तुकड्यावर गाडी न्यायची. रेडिओच्या चौकटीत खोचला, फरक नाही. हवेच्या जाळीत खोचला, नाही. काचेजवळच्या डाव्या कोपऱ्यात, जिथे डॅशबोर्ड अन् खांबाचं प्लास्टिक भेटतं, तिथे खोचला अन् एकदम शांतता. इतकी की चुलतभाऊ म्हणाला, "इंजिन बंद पडलं का बे?"

आता तिथे कायमचं काय घालू? काळी इलेक्ट्रिकची टेप घरात आहे.

पुण्यातला_पुसदकर

काळी टेप अजिबात नको. मे महिन्यात बंद गाडीत डॅशबोर्डला हात लावता येत नाही, तिचा गोंद पाघळून बाहेर येईल, धूळ चिकटेल आणि चिकट टेपच कुरकुरेल. गादीतला स्पंजही नको, दोन उन्हाळ्यांत त्याचा भुगा होतो. टेबल-खुर्चीच्या पायाला लावायच्या फेल्टच्या चकत्या किंवा पट्ट्या मिळतात, मागे गोंद असलेल्या. नाहीतर गाडीच्या वायरिंगला गुंडाळतात ती कापडी टेप. दोन्ही बाजू आधी ओल्या फडक्याने पुसून कोरड्या करा, धुळीवर गोंद धरत नाही. पट्टी पातळ लावा. जाड लावली तर प्लास्टिक पुढे ढकललं जाऊन आवाज शेजारच्या फटीत जातो.

तुमच्या गाडीत एअरबॅग असेल तर पिवळ्या कनेक्टरांना हात लावू नका. ती तार एअरबॅगची असते.

मिस्त्री_आर्णी

लिंक रॉड खोलले का?

दारव्हा_फाटा

हो दादा. चाक काढून दोन्ही खोलले. उजवा हातात घेतला तर गोटी घट्ट, जोर लावून फिरवावी लागते. डावा घेतला तर नुसता लुळा, कान उपटल्यासारखा इकडून तिकडे पडतो. वरचं रबर फाटलेलं, आत ग्रीसच्या जागी काळ्या मातीचा सुकलेला गोळा. गल्लीत चक्कर मारली, खट-खट गायब. जोडी बाराशेला आणली. डी-बुशही सोबतच टाकले, कारण दांडा मोकळा झालाच होता.

पण चाक वर असताना आणखी एक दिसलं. मुद्दाम पाहिलं नव्हतं. खालच्या आडव्या दांड्याच्या टोकाला, चाकाच्या बाजूला, एक रबरी टोपी फाटली आहे अन् बाजूला ग्रीस उडालं आहे. तिथून आवाज काहीच येत नाही. राहू देऊ का?

मिस्त्री_आर्णी

भाऊ, आता जरा नीट वाचा.

थो लोअर आर्मचा बॉल जॉइंट हाय. चाक त्याच्यावर उभं असते. रबर फाटलं म्हणजे आत पाणी-माती जाऊन रायली. आज आवाज नाई, उद्या येईन, अन् एखादे दिवशी गोटी खोबणीतून निसटली त चाक आडवं पडन. गाडी वाजत नाई म्हणून थो पार्ट चांगला हाय असं नसते.

परीक्षा अशी: गाडी जॅकवर घ्या, खाली स्टँड नाईतर लाकडाचा ठोकळा लावा, नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली हात घालू नका. चाक घड्याळाच्या बारा अन् सहाच्या जागी धरून मागं-पुढं हलवा. खेळ जाणवला त बॉल जॉइंट नाईतर चाकाचं बेअरिंग. मंग नऊ अन् तीनच्या जागी धरा, तठी खेळ असला त स्टिअरिंगचा टाय रॉड एंड. आर्मखाली टामी, म्हंजे लोखंडी दांडा, लावून हळू उचकवलं त गोटी हलताना डोयानं दिसते.

फेल्ट, टेप, ग्रीस हे समदं गाडीच्या आतल्या आवाजाले. चाकाजवळचा आवाज दाबायचा नसते. पुरा वळवून चालवताना चाकातून कट-कट-कट आली त एक्सलचा जॉइंट. ब्रेकवर हलका पाय ठेवला अन् खडखड बंद झाली त कॅलिपरची पिन नाईतर पॅडची क्लिप. हे आवाज आले त मले फोन करा, इथं धागा काढू नका.

जीपवाले_काका

मिस्त्री बरोबर बोलते. आमच्या गावच्या एका पिकअपचं चाक तुरीनं भरलेली असताना नाल्यावर असंच बसलं होतं. नशीब, वेग नव्हता.

दारव्हा_फाटा

बारा-सहाला धरलं. खेळ आहे. थोडा, पण हाताला स्पष्ट लागतो. बुधवारी तुमच्याकडे आणतो दादा. तोवर गाडी उभी, यवतमाळला एसटीनं.

मिस्त्री_आर्णी

बेस केलं. आर्म पुरा बदलू, बुश अन् जॉइंट दोन्ही नवे येते. अन् कोणाकडंही केलं त एक पाहून घ्या: आर्मच्या बुशचा बोल्ट चाकं हवेत लोंबत असताना पुरा आवळायचा नसते. गाडी जमिनीवर उतरवून, वजन चाकावर आलं की मंग आवळायचा. नाईतर रबर कायमचं पिळलेलं राहते अन् सहा महिन्यात फाटते. मंग लोकं म्हणते, पार्ट डुप्लिकेट होता.

शाळामास्तरीण

मिस्त्रीदादा, हे माहीत नव्हतं. माझे बुश दर वर्षी का फाटतात हे आत्ता कळलं. पुढच्या वेळी मी स्वतः उभी राहून पाहणार.

दारव्हा_फाटा, मागची टक-टक राहिली ना?

दारव्हा_फाटा

तीच राहिली अन् तिनेच रडवलं. डिक्की पूर्ण रिकामी केली. स्टेपनीचा मधला आवळायचा स्क्रू दोन आटे सैल होता, पंक्चरवाल्याने तसाच ठेवलेला. आवळला. जॅक फडक्यात गुंडाळला. पार्सल ट्रे घरी ठेवला. डिक्कीचं दार ज्यावर टेकतं ते रबरी बुड्डे अर्धा फेरा बाहेर काढले, दार आता घट्ट बसतं. टायरच्या खाचांतून सात खडे काढले. मास्तरीणबाईंचा फोनचा प्रयोग केला, आवाज मागच्या सीटजवळ ठसठशीत येतो. सीटखाली पाहिलं, काही नाही. टक-टक आहे तशी.

बुधवारी आर्णीला आर्म झाला. दादांनी बोल्ट गाडी खाली उतरवूनच आवळला, मी पाहिलं. परत येताना समोरून काहीच आवाज नाही, त्यामुळे मागची टक-टक आणखी मोठी वाटली.

शाळामास्तरीण

ती मोठी वाटत नाही, ती आधीपासून तेवढीच होती. समोरच्यांनी तिला बोलू दिलं नव्हतं. मागे कोणी बसलं असताना येते का?

दारव्हा_फाटा

थांबा.

दारव्हा_फाटा

मॅडम, तुम्ही विचारलं अन् डोक्यात लख्ख पडलं. चुलतभाऊ सोबत असताना मी मागे बसून शोधत होतो तेव्हा आवाज येत नव्हता, अन् मला वाटायचं रस्ता चांगला लागला. फोन ठेवून एकटा गेलो तेव्हा आला. आई मागेच बसते, डाव्या बाजूला. ती चढली की टक-टक बंद. तिने मागच्या महिन्यात जो आवाज ऐकला तो सगळा समोरचा होता; टक-टक तिने कधी ऐकलीच नाही, मीच ऐकली, तिला सोडून परत येताना.

मागच्या सीटची पाठ, जी दुमडून खाली पाडता येते, तिचं कुलूप. सीटला हुक अन् बॉडीला लोखंडी कडी. कडीवर पूर्वी प्लास्टिकचं वेटोळं असावं, एका बाजूला त्याची चिकटलेली कड अजून आहे, बाकी गळून गेलं. हुकात कडी दोन-तीन मिलिमीटर मोकळी. पाठीवर कोणी टेकलं की दाबली जाते अन् गप्प बसते. रिकामी असली की प्रत्येक खड्ड्याला टक.

कापडी टेपचे तीन वेढे. कुलूप आता 'खट्' न करता 'थप्' करून बसतं.

काल समृद्धीवर, कारंज्याहून नागपूरकडे, एकटा गेलो. काँक्रीटवर टायरचा घूं आवाज येतो, नव्वदच्या पुढे डाव्या काचेतून वारा शिट्टी घालतो. बाकी काही नाही.

पुण्यातला_पुसदकर

शिट्टी म्हणजे दाराचं रबर. ओल्या फडक्याने पुसा, वाळू द्या, सिलिकॉन ग्रीस बोटभर घेऊन पातळ चोळा. व्हॅसलिन नको, तेही खनिज तेलाचंच भावंड. तरी आली तर दार बंद करताना मधे दहाची नोट धरून ओढून पहा. जिथे नोट सहज निघते तिथलं रबर दबून गेलंय.

संत्रा_बर्फी

दहाची कशाला, शंभराची धरा, रबर तरी लाजेल.

जीपवाले_काका

बर्फी, तू शांत बस.

दारव्हावाल्या, माय काय म्हणाली मंग?

दारव्हा_फाटा

आज सकाळी नेलं होतं तिला. लाडखेडपर्यंत काही बोलली नाही. मग म्हणाली, "गाडी नवी घेतली अन् मले सांगतलं नाई?" नवी नाही म्हटलं, तीच आहे. तिने सीटवरून हात फिरवला, मागच्या दिवाळीत तिच्या हातून डाळीचा डाग पडला होता तो शोधला, सापडला, मग तिचा विश्वास बसला. पुढे यवतमाळ येईपर्यंत झोपली.

नोटेचा प्रयोग उद्या करतो.

वायफडचा_विंचू

माझ्या गाडीत क्लच दाबला की खालून घर्रर्र येतो, सोडला की जातो. नवीन धागा काढू की इथेच विचारू?

मिस्त्री_आर्णी

इथंच सांगतो, क्लचचं रिलीज बेअरिंग पाहून घ्या. बाकीचं नवीन धाग्यात लिवा. अन् गाडी कोणती, किती चालली, आवाज थंडीत येते का गरम झाल्यावर, हे पहिल्याच ओळीत लिवजा.